खडूफोड बाई आणि सात नंबर

विद्यापीठाच्या कागदोपत्री त्यांना चांगलं तीन शब्दांचं नाव होतं आणि खोलीच्या दारावर तशी पाटीही होती. पण पोरांच्या तोंडी त्या खडूफोड बाई. फळ्यावर समीकरण मांडताना बरोबरीचं चिन्ह आलं की त्यांचा हात असा काही पडायचा की खडूचे दोन तुकडे व्हायचे आणि एक तुकडा हमखास पहिल्या बाकावर उडायचा. ज्याच्या वहीवर तो पडेल त्याची आज हजेरी लागली, असं पोरं म्हणायची.

बाई यंत्रशास्त्र शिकवायच्या, आणि त्यातही आदळण्याचं गणित. एक वस्तू दुसरीवर आदळली की जोर कुठून कुठे जातो, किती वेळात जातो, काय मोडतं आणि काय वाचतं. दरवर्षी पहिल्या तासाला त्या पाण्याने भरलेली बरणी घेऊन यायच्या. पाण्यात एक कच्चं अंडं. झाकण घट्ट लावून त्या बरणीला दोन्ही हातांनी दहा-बारा असे हिसके द्यायच्या की मागच्या बाकावरचा झोपाळूही ताठ बसायचा. मग अंडं बाहेर काढून सगळ्यांना दाखवायच्या. कवचाला साधा तडासुद्धा नसायचा. ते बशीत फोडलं की आतून पिवळा-पांढरा काला वाहायचा.

“बाहेरून शाबूत दिसतंय म्हणून आतही शाबूतच असणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे येऊन बघा,” बाई म्हणायच्या.

हे प्रयोगाचं वेड त्यांना कुठून लागलं, ते वर्गात कधी निघालं नाही. बाईंचे वडील कारखान्याच्या संघातून मुष्टियुद्ध खेळायचे. शहरभर नाव होतं. चौतिसाव्या वर्षी खेळ सुटला आणि माणूस घरातच खेळायला लागला. भाजीत मीठ कमी पडलं, दार जोरात लागलं, कुणी हसलं, एवढं पुरे व्हायचं. बाई सात वर्षांच्या असताना वडिलांनी आईचा पुढचा दात पाडला. बाई अकरा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांच्या डाव्या कानाखाली अशी वाजवली की त्या कानाने त्यांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मारून झालं की वडील अंगणातल्या पायरीवर बसायचे आणि आपण इथे का बसलोय, हे खरोखरच विसरायचे. सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. शेवटी शेवटी त्यांच्या हाताला इतका कंप सुटला होता, की पाण्याचा पेला आईच तोंडाला लावायची. आई तो पेला धरायची आणि दुसरीकडे बघायची.

बाई वर्गात नेहमी आपल्या डावीकडच्या भिंतीला लागून उभ्या राहायच्या, म्हणजे सगळी पोरं उजव्या कानाला यायची. पोरांना वाटायचं, ती त्यांची लकब आहे.

मुंगी त्यांच्याकडे आली ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. अंगाने एवढीशी, चालण्यात कमालीची चपळ, म्हणून मुंगी. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सोमवारी ती परिसंवादात बोलायला उभी राहिली तेव्हा तिचा एक डोळा पार मिटलेला होता आणि खालची कातडी जांभळी पडली होती. तास संपल्यावर बाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“कोण मारतं तुला?”

“बऱ्याच जणी,” मुंगी म्हणाली. “आठवड्यातून चार दिवस.”

“थट्टा करू नकोस.”

“नाही करत, मॅडम. मीही मारते त्यांना. पन्नास किलोच्या आतल्या गटात मी राज्यात दुसरी आहे.” आणि तिने शाबूत डोळा मिचकावला.

बाईंना हसू यायला हवं होतं. आलं नाही. तीन दिवस त्यांनी ते मनातून काढायचा प्रयत्न केला, आणि चौथ्या दिवशी मुंगीला विचारलं, “तुझ्या डोक्यावर आठवड्याला किती ठोसे बसतात, तू कधी मोजलेस?”

तिथून सगळं सुरू झालं. बाईंचा शाळेपासूनचा वर्गमित्र मोठ्या रुग्णालयात मेंदूचा डॉक्टर होता. तो तयार झाला. मुंगीने आपल्या कोचला गळ घातली. दातांत धरायच्या माउथगार्डमध्ये बाईंनी मुगाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला. डोक्याला हिसका बसला की तो किती जोराचा, कुठल्या दिशेचा, ते तिथल्या तिथे नोंदलं जायचं. दर पंधरा दिवसांनी चौदा मुली रुग्णालयात जायच्या आणि एका खोक्यासमोर बसायच्या. दिवा लागला की बटण दाबायचं, बस्स. किती वेळ लागला ते रुग्णालयाच्या यंत्रात जमा व्हायचं. नावं कुठेच नव्हती, एक ते चौदा नंबर होते. मुंगी या कामावर पीएच.डी. करणार होती, म्हणून त्या नोंदी उतरवून आलेख काढायची तीच, डॉक्टर आणि बाई आलेखच बघायचे. आणि तीच नंबर सात होती. एकाच माणसाने मोजायचं आणि मोजूनही घ्यायचं, याला डॉक्टरांची हरकत होती.

“अगं, हे बरं नव्हे,” तो म्हणाला होता. “स्वतःच्या तापाचा आकडा कुणी खरा लिहितं का?”

“ती लिहील,” बाई म्हणाल्या. इतकी खात्री त्यांना स्वतःबद्दलही नव्हती.

कोचची तालीम एका जुन्या गोदामात होती. वर पत्रा, मध्ये दोर बांधलेलं रिंग, छताला लटकलेल्या वाळूच्या पिशव्या, आणि घामाचा, चामड्याचा, जखमेवर लावायच्या मलमाचा मिळून एक वास. बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा दोन मुलींची सरावाची लढत चालली होती. ग्लोव्ह गालावर बसला की ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखा आवाज यायचा. एकीच्या नाकातून रक्ताची धार लागली, तिने ती मनगटाने पुसली आणि समोरचीच्या बरगडीत असा ठोसा घातला की ती गुडघ्यावर आली. बाई बाहेर जाऊन भिंतीला धरून ओकल्या. परत आल्या तेव्हा कोच हसत होता.

“बाई, तुमचं गणित मऊ आहे. आमचं असं असतं.”

“आकडे लिहायला सुरुवात करू या,” बाई म्हणाल्या.

दोन वर्षं त्या दर गुरुवारी तिथे गेल्या. कोचशी त्यांचं कधी जमलं नाही आणि कधी तुटलंही नाही. तो शिव्या घालायचा, त्या टिपून घ्यायच्या. मुलींवर मात्र त्याचा जीव होता. कुणाचा खांदा निखळला तर तो स्वतः बसवायचा आणि ती रडायची थांबेपर्यंत तिच्यापेक्षा मोठ्याने बडबडत राहायचा.

आकड्यांनी जे दाखवलं ते कुणाला अपेक्षित नव्हतं. खऱ्या सामन्यांत डोक्याला बसायचं ते थोडं. खरा मार रोजच्या सरावात होता. शंभरातले नव्वद ठोसे तिथलेच. आणि ज्यांना सरावात जास्त बसत होते, त्यांना दिवा लागल्यावर बटण दाबायला महिन्यागणिक जास्त वेळ लागत होता. चौदापैकी नऊजणींचे आलेख चढत होते. नंबर सातचा मात्र सरळ होता, जमिनीला समांतर, पट्टीने ओढल्यासारखा.

बाईंना तो सरळपणाच खटकला. माणसाचा हात इतका सरळ चालत नाही. एका दिवशी चांगली झोप झालेली असते, एका दिवशी सर्दी असते. त्यांनी डॉक्टरांकडून मूळ नोंदी मागवल्या आणि दुपारी आपल्या खोलीत दोन्ही कागद शेजारी ठेवले. रुग्णालयातल्या नोंदीत नंबर सात सगळ्यांत वाईट होता. गेल्या दोन महिन्यांत तर तो आलेख कड्यासारखा उभा चढला होता.

त्यांनी मुंगीला बोलावलं. तिने कागद पाहिले. नाकारलं नाही.

“पुढच्या महिन्यात निवड आहे,” ती म्हणाली. “हे बाहेर आलं असतं तर डॉक्टरांनी मला थांबवलं असतं.”

“थांबवायलाच हवं होतं! हे काय केलंस तू? चौदाजणींचं काम आहे हे. तुझ्या एका खोट्याने सगळं नासलं. आणि तुझं डोकं? त्याचं काय?”

“माझं आहे ना? मग मी बघेन.”

“तुला कळतंय का, पुढे काय होतं ते? हात कापतात. माणूस माणसांना ओळखत नाही. घरातल्यांना...”

“पुस्तकातलं सांगू नका, मॅडम!” मुंगी ओरडली. तिचा आवाज असा चढलेला बाईंनी कधी ऐकला नव्हता. “तुम्ही खुर्चीत बसून ठोसे मोजता. तुम्हाला काय माहीत? तुम्ही आयुष्यात कधी मार खाल्लाय?”

बाईंचा हात सुटला.

त्यांनी ठरवलं नव्हतं, कळलंही नाही. उघडा पंजा मुंगीच्या गालावर आणि कानशिलावर फाडकन बसला. ती खुर्चीवरून तिरकी झाली. टेबलावरची पेनं खाली सांडली.

बाई आपल्या हाताकडे बघत होत्या. तळवा झिणझिणत होता. हा हात त्यांच्या ओळखीचा होता, त्याची बोटं, त्याचा वेग, सगळं. फक्त आजवर त्यांनी तो समोरून पाहिला होता.

आणि मग त्यांना दुसरी गोष्ट कळली, जी पहिलीहून भयंकर होती. मुंगीने चापट चुकवली नव्हती. राज्यातली दुसरी, जी पाव सेकंदात मान काढून घ्यायची, तिला चोपन्न वर्षांच्या बाईचा हात चुकवता आला नाही. हात उठलेला तिला दिसला होता, तिचे डोळे हातावरच होते. मान हलली होती. पण चापट बसून गेल्यावर.

“मुंगी,” बाई म्हणाल्या. “अगं, ऐक. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. मी जे केलं त्याची माफी नाही, ते नंतर बघू. आधी चल.”

मुंगीने जमिनीवरची पिशवी उचलली. तिच्या गालावर चार बोटं उमटली होती.

“पाचला सराव आहे,” ती म्हणाली आणि गेली.

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, “डोकं दुखतं म्हणाली होती का?” बाईंना आठवलं, महिनाभर ती डबा न खाता टेबलावर कपाळ टेकून बसायची. “तिला रिंगमध्ये जाऊ देऊ नकोस,” डॉक्टर म्हणाला. कोच फोन उचलत नव्हता. रिक्षा मिळाली, ती गर्दीत अडकली, शेवटचा अर्धा मैल बाई पळत गेल्या.

गोदामात पोचल्या तेव्हा लढत सुरू झाली होती. समोर चार-पाच किलोंनी जड मुलगी होती आणि मुंगी चवताळल्यासारखी तिच्या अंगावर जात होती. बचाव नाहीच, नुसता मारा. दोन घालायची, तीन खायची. ओठ फाटून हनुवटीवर रक्त आलं होतं.

“थांबवा!” बाई ओरडल्या. “कोच, थांबवा ते!”

“बाई, फेरी चालू आहे. मागे व्हा.”

“तिचे आकडे खोटे आहेत! तिला काही चुकवता येत नाहीये. थांबवा म्हणते ना!” आणि बाई दोराखालून आत घुसायला लागल्या.

कोचने त्यांना दंडाला धरून मागे खेचलं. त्यांनी त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. त्याने हात झटकला, त्याचं कोपर बाईंच्या भुवईवर बसलं आणि त्या लोखंडी खांबावर आदळल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले. रक्त डोळ्यात उतरलं. त्या लाल पडद्यातून त्यांनी पूर्ण जीव एकवटून हाक मारली, “मुंगी!”

मुंगीने वळून पाहिलं.

तेवढ्यात जड मुलीचा उजवा हात आला. तो आधीच सुटलेला होता, तिला तो थांबवता आला नसता. ठोसा जबड्याच्या कोपऱ्यावर बसला. मुंगी पडली ती हात न टेकता, तोडलेल्या झाडासारखी, आणि डोकं एकदा जमिनीवर उसळलं. मग तिचे पाय थरथरायला लागले. मारणारी मुलगी ग्लोव्ह तोंडाशी धरून किंचाळत होती. कोच गुडघ्यावर बसून मुंगीचं तोंड उघडून माउथगार्ड काढत होता आणि पुन्हा पुन्हा तिचं खरं नाव घेत होता. बाईंनी ते त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

रुग्णालयात कवटी उघडावी लागली. संध्याकाळभर बाई आणि कोच एकाच बाकावर बसून होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. बाईंच्या भुवईला पाच टाके, कोचच्या मनगटावर दातांची पूर्ण ओळ.

“मीही उमेदीत डोक्यावर खूप खाल्लेत. पोरींची नावं आठवत नाहीत हल्ली,” कोच समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. “म्हणून सगळ्यांना टोपणनावं ठेवतो. मला ठाऊक होतं, बाई. म्हणूनच तुम्हाला आत येऊ दिलं आणि म्हणूनच तुमचं ऐकायचं नव्हतं.”

मुंगीची आई आली. ती कपडे शिवायची, गळ्यात अजून मोजपट्टी तशीच होती. तिने आधी कोचला हातातल्या पिशवीने बडवलं, मग बाईंकडे वळली. बाईंनी तोंड चुकवलं नाही. पिशवीतली कात्री आतून टोचली आणि गालावर ओरखडा उठला.

“तुम्ही दोघांनी मिळून माझ्या पोरीचं डोकं वाटून घेतलंत,” ती म्हणाली. “एकाने मारायला लावायचं, एकीने मोजत बसायचं.”

“मी तिला आज मारलंही आहे,” बाई म्हणाल्या. “दुपारी. माझ्या खोलीत.”

ती माउली खाली बसली आणि मोजपट्टी बोटाला गुंडाळत राहिली.

रात्री दहाला डॉक्टर बाहेर आला. पोरगी वाचेल, म्हणाला. बाईंना बाजूला घेऊन त्याने सांगितलं, “आत दोन प्रकारचं रक्त होतं. एक जुनं, तीन आठवड्यांचं तरी. एक आजचं.”

“आजचं कशाने? माझ्या चापटीने? माझ्या हाकेने?”

“ते कुणालाच सांगता येणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही, आणि वाईट वाटावं म्हणूनही नाही.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी कुलगुरूंना स्वतःविरुद्ध तक्रार लिहिली. दीड पान. तारीख, वेळ, कुठल्या हाताने, कुठल्या गालावर. चौकशीसाठी नेमलेल्या समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकाने त्यांना खासगीत समजावलं, की मुलीने तक्रार केलेली नाही, कशाला विषय वाढवता. बाईंनी पत्र मागे घेतलं नाही. वर्षभर त्यांच्याकडून संशोधक विद्यार्थी काढून घेतले, प्रकल्प डॉक्टरांच्या हाती गेला. पहिल्या वर्षाचे तास तेवढे राहिले.

पुढच्या सुट्टीत बाई आपल्या आईकडे गेल्या. आई ऐंशीची, अजून स्वतःचं स्वतः करणारी. बाईंनी तिला सगळं सांगितलं, वडिलांच्या डोक्यात काय झालं असावं तेही सांगितलं.

“म्हणजे तो वाईट नव्हता, असं म्हणतेस?” आईने विचारलं.

“तसं नाही म्हणत. कारण होतं, एवढंच म्हणते.”

“बरं झालं, कारण सापडलं.” आई भाजी चिरत होती, तिचा हात थांबला नाही. “मला मात्र तेव्हा मारच बसत होता, कारण नव्हतं बसत. आणि तू त्या पोरीला मारलंस, त्याला काय कारण लावणार आहेस?”

बाई उठून विळीजवळ बसल्या आणि उरलेली भाजी चिरू लागल्या.

मुंगी नऊ महिन्यांनी विद्यापीठात परतली. डाव्या हातात जोर कमी, बोलताना शब्द मध्येच हरवायचा. बाईंची बंदी संपल्यावर तिने अर्ज केला, की मार्गदर्शक त्याच हव्यात. का, ते तिने कुणालाही सांगितलं नाही. बाईंनी एक अट घातली, की दोघी असताना खोलीचं दार उघडं राहील.

ते दिवस सोपे नव्हते. मुंगीला आता अचानक संताप यायचा, कुठूनही, कशावरूनही. एका सकाळी चौथ्या तक्त्यातला एक आकडा बाईंनी चुकीचा ठरवला. तो चुकीचाच होता. मुंगीने स्टूल उचललं आणि फेकलं. ते बाईंच्या खांद्याला घासून कपाटावर आदळलं आणि काच खळकन फुटली.

बाईंचं सगळं अंग आक्रसलं. अकराव्या वर्षी आक्रसलं होतं तसंच. श्वास बसेपर्यंत त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“हे तुझ्या दुखण्यामुळे होतंय, मला माहीत आहे,” मग त्या म्हणाल्या. “तरी मी ते अंगावर घेणार नाही. तुझ्याकडूनही नाही. बाहेर जा. उतरलं की ये. मी इथेच आहे.”

मुंगी गेली. बाईंनी काचा गोळा केल्या, एक बोटात घुसली. पाऊण तासाने मुंगी दारात आली. डोळे सुजलेले होते.

“खांदा... खांदा...” शब्द सापडेना. तिने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून दाखवला.

“दुखतोय,” बाई म्हणाल्या. “बस. चौथा तक्ता काढ.”

प्रबंध पुरा व्हायला आणखी दोन वर्षं लागली. त्याच्या पहिल्याच प्रकरणात मुंगीने लिहिलं, की नंबर सात मी आहे, नंबर सातच्या नोंदी मी बदलल्या होत्या आणि खऱ्या नोंदी या आहेत. त्या कबुलीवरून परीक्षकांनी तिला दोन तास सोलून काढलं. शब्द अडला की ती थांबायची, सापडला की पुढे जायची, पण खाली बसली नाही. निबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव तिचं होतं, मग डॉक्टर, मग बाई, आणि शेवटी कोच. कोचने आपल्या गोदामात डोक्यावर मारायचा सराव आठवड्यातून एकच दिवस ठेवला. बाकीचे कोच त्याला बायल्या म्हणाले. एकाशी तर भर स्पर्धेत मारामारी झाली आणि या कोचच्याच दोन बरगड्या गेल्या. नियम त्याने बदलला नाही. त्या जड मुलीने मात्र पुन्हा ग्लोव्ह घातले नाहीत.

मुंगी आता त्याच विभागात पहिल्या वर्षाला शिकवते. दोघींची टेबलं एका खोलीत आहेत, समोरासमोर नाहीत, शेजारी. दोघी भांडतात, आकड्यांवरून कडाडून भांडतात, आणि दार उघडं असल्यामुळे ते सगळ्या व्हरांड्याला ऐकू जातं.

मुंगीची आई संध्याकाळी तिला न्यायला येते. ती अजूनही बाईंशी बोलत नाही. फाटकापाशी उभी राहते, वर खिडकीकडे बघून लेकीला हाक मारते, आणि लेक जिना उतरेपर्यंत बाई खिडकीपासून लांब थांबतात.